एबीएसचा फ्यूज आणि काळी टेप



रोवणी परवा आटोपली. आज सकाळपासून पाऊस उघडला आहे, बांध्यांत पाणी बरोबर चार बोटं आहे, त्यामुळे हाताला थोडी फुरसत मिळाली. मागच्या आठवड्यात पवनीकडच्या एका शेतकरी मित्राचा फोन आला होता. त्याने जुनी फोर-व्हील गाडी घेतली, सेकंड हँड. तो म्हणाला, "भाऊ, रेतीत आणि गिट्टीवर हिचा ब्रेकच लागत नाही जी. मिस्तरी म्हणते एबीएसचा फ्यूज काढून टाक. काढू का?"

फोनवर मी त्याला एवढंच म्हटलं की थांब, लिहून सांगतो. कारण हा फ्यूज मी स्वतः काढला होता. त्याचं पुढे काय झालं ते आजवर या पानावर लिहिलं नाही. आज लिहितो, पण आधी थोडा इतिहास. इतिहास कळल्याशिवाय या फ्यूजचं गणित कळत नाही, निदान मला तरी कळलं नव्हतं.

आमचं शेत लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या अंगाने. माझ्या आज्याच्या काळी धानाची पोती खासरावर भरून नदी ओलांडायची. नदीचा उतार खडा, खाली रेती. भरल्या खासराचा भार बैलांच्या मानेवर आला की बैल गुडघ्यावर यायचे. त्यावर आज्याचा उपाय असा: उताराच्या डोक्यावर खासर थांबवायचं, मागच्या बाजूने चाकाच्या आऱ्यांत एक मजबूत दांडा आडवा घालायचा आणि चाक पूर्ण अडवून टाकायचं. मग खासर उतारावरून घसरत, ओरखडत खाली यायचं. अडलेलं चाक रेतीत रुतायचं, त्याच्यासमोर रेतीचा लहानसा ढीग जमायचा आणि तो ढीगच खासराला थोपवून धरायचा. खाली पोचलं की दांडा काढायचा.

पण हाच आजा सडक लागली की दांड्याला हात लावू देत नसे. म्हणायचा, "सडकेवर चाक अडवलं त धाव एकाच जागी घासते, अन् खासर आडवं होते." लोखंडी धाव एका जागी चपटी झाली की मग ते चाक आयुष्यभर ठक ठक करतं. तुमसर रोड स्टेशनवर मालगाडी जाताना कधी कधी एखाद्या डब्याची अशीच ठक ठक ऐकू येते; ब्रेक अडकून चाक रुळावर घासत गेलं की त्याला सपाट डाग पडतो, त्याचा तो आवाज.

म्हणजे रेतीत चाक अडवा, सडकेवर अडवू नका. एबीएसची सगळी भानगड एवढीच आहे. पुढची शंभर वर्षं इंजिनिअर लोक याच दोन गोष्टी एका पेडलात बसवायच्या मागे लागले आहेत.

चाक लॉक होऊ नये म्हणून यंत्र करण्याची गरज आधी विमानाला लागली. विमान धावपट्टीवर उतरताना पायलटने जोरात ब्रेक मारला आणि चाक लॉक झालं तर टायर काही क्षणांत फाटतो. मोटारीसाठीही कल्पना जुनीच आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९३६ साली चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. पण ते कागदावरच राहिलं, कारण चाकाचा वेग क्षणाक्षणाला मोजून ब्रेक सोडणारं आणि पुन्हा लावणारं काही त्या काळी मोटारीत बसवता येत नव्हतं. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या डनलॉप कंपनीचं मॅक्सारेट नावाचं यंत्र विमानांवर लागू लागलं आणि चांगलं चाललं.

यापुढचा भाग शेतकऱ्यांनी वाचण्यासारखा आहे. हे मॅक्सारेट मोटारीत आलं १९६६ साली, जेन्सन एफएफ नावाच्या इंग्रजी गाडीत. या गाडीत दोन गोष्टी एकत्र होत्या, चारही चाकांना ताकद आणि चाक लॉक न होऊ देणारा ब्रेक. आणि एफएफ म्हणजे काय, तर फर्ग्युसन फॉर्म्युला. फर्ग्युसन म्हणजे तोच हॅरी फर्ग्युसन, आयर्लंडच्या एका शेतकऱ्याच्या घरातला पोरगा, ज्याच्या नावाचे ट्रॅक्टर आपल्याकडे आजही चालतात आणि ज्याच्या थ्री पॉइंट लिंकेजवर तुमचा माझा रोटाव्हेटर लटकतो. ट्रॅक्टरचा धंदा सोडल्यावर त्याने शेवटची वर्षं एकाच गोष्टीत घातली: रस्त्यावरच्या मोटारीला चार चाकांची ताकद द्यायची आणि तिला घसरू द्यायचं नाही. १९६० मध्ये तो वारला, गाडी त्यानंतर सहा वर्षांनी आली. ती महाग होती, ३२० च्या आसपासच बनल्या आणि बंद पडली. पण फोर-व्हील ड्राइव्ह आणि अँटी-लॉक ब्रेक यांचं लग्न लावलं ते या ट्रॅक्टरवाल्याच्या माणसांनी, हे मला तरी फार उशिरा कळलं.

आज आपण ज्याला एबीएस म्हणतो, म्हणजे प्रत्येक चाकाजवळ दातेरी रिंग, तिच्यासमोर सेन्सर, आणि इंजिनजवळ व्हॉल्व्ह व पंपाचा डबा, तो प्रकार १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आला. बनवणारे परत बॉशच. चाक लॉक व्हायला लागलं की कॉम्प्युटर त्या चाकाचा दाब सोडतो, परत लावतो, परत सोडतो, सेकंदात कितीतरी वेळा. पायाखाली पेडल थरथरतं ते यामुळे. डांबरावर टायर थोडासा घसरत असताना, म्हणजे दहा ते वीस टक्के, सर्वात जास्त पकडतो; पूर्ण लॉक झाला की पकड कमी होते आणि स्टिअरिंग तर जातंच. त्यामुळे डांबरावर, त्यातही ओल्या डांबरावर, एबीएसला तोड नाही.

पण फोर-व्हील गाडीत हे यंत्र टाकल्याबरोबर दोन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली अशी. आपल्या जुन्या जीपसारख्या गाडीत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट जोडला जातो. मग एक चाक लॉक होऊ लागलं की ते बाकीच्यांनाही सोबत ओढतं. कॉम्प्युटर बिचारा चार चाकांचे वेग एकमेकांशी ताडून ठरवतो की कोणतं घसरतंय. चारही एकदम मंद झाली तर त्याला वाटतं गाडीच हळू झाली, सगळं ठीक आहे. म्हणून फोर-व्हील गाड्यांत पुढे एक वेगळा सेन्सर घालू लागले, जो गाडी खरंच किती जोरात थांबते आहे ते सांगतो.

दुसरी अडचण म्हणजे आज्याचा दांडा. रेती, मोकळा मुरूम, नवीन गिट्टी यावर लॉक झालेलं चाक समोर ढीग जमवतं आणि थांबतं. एबीएस तो ढीग जमूच देत नाही, चाक त्याच्यावरून चढून पुढे जातं. ही नुसती ड्रायव्हरांची तक्रार नाही. अमेरिकेच्या सरकारी रस्ते सुरक्षा खात्याने १९९० च्या दशकाच्या शेवटी वेगवेगळ्या पृष्ठभागांवर गाड्या थांबवून मोजमाप केलं. जवळपास सगळीकडे एबीएसने अंतर कमी केलं. मोकळ्या गिट्टीवर मात्र थांबायचं अंतर सरासरी २७ टक्क्यांनी वाढलं.

कंपन्यांना हे आधीपासून माहीत होतं. १९८० च्या दशकातल्या ऑडी क्वाट्रो गाड्यांत डॅशबोर्डवर एबीएस बंद करायचं बटणच होतं, कारण जर्मनीकडच्या बर्फाळ आणि गिट्टीच्या रस्त्यांवर लोक तेच मागत होते. टोयोटाच्या ८० सीरिज लँड क्रूझरमध्ये मधला डिफरन्शियल लॉक केला की एबीएस आपोआप बाजूला होत असे. म्हणजे बंद करणं हा काही आपल्या मिस्तरींचा शोध नाही. पण त्या बटणात आणि आपल्या फ्यूज काढण्यात एक मोठा फरक आहे, त्याकडे येतोच.

आता आपल्याकडचं. महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांवर जीपा बनवल्या. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र पडलं. त्याच सुमारास मुंबईत विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली. पुढची साठ-सत्तर वर्षं आपल्या भागातला फॉरेस्टवाला, ओव्हरसिअर, मॅगनीजच्या खाणीतला साहेब आणि निवडणुकीचा उमेदवार याच जीपांतून फिरला. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून लष्करासाठी जोंगा बनत होती, ती लिलावातून इकडे यायची. १९८५ ला मारुती जिप्सी आली, तिने पुढे जंगल सफारीचा धंदा उभा केला. नागझिऱ्यात किंवा पवनीच्या गेटवरून उमरेड-करांडल्यात गेलेल्यांनी तीच पाहिली असेल. या सगळ्या गाड्यांत एबीएस नावालाही नव्हतं. चाक लॉक करायचं की नाही हे पाय ठरवायचा, आणि ज्याचा पाय शिकलेला नसे त्याला उतार शिकवायचा.

सरकारने एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना आणि एप्रिल २०१९ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मोटारींनाही एबीएस सक्तीचं केलं. जिप्सी त्याच सुमारास सामान्य गिऱ्हाइकासाठी बंद पडली. नाशिकला बनणाऱ्या जुन्या थारला शेवटी शेवटी, २०१९ च्या खास ७०० गाड्यांत, एबीएस मिळालं आणि २०२० च्या २ ऑक्टोबरला नवी थार आली ती एबीएस घेऊनच. मधल्या काळातल्या, म्हणजे २००५ नंतरच्या काही महागड्या फोर-व्हील गाड्यांत मात्र एबीएस आधीच होतं. पहिल्या-दुसऱ्या पिढीचं, डांबरासाठी शिकलेलं. अशा गाड्या आता सेकंड हँडमध्ये शेतकऱ्यांच्या हाती येत आहेत. माझी तशीच आहे, पवनीच्या मित्राचीही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता.

तर २०१९ चा दिवाळीनंतरचा हंगाम. भारी धानाची कापणी चालू होती. आमच्या गावचा मालगुजारी तलाव आहे, जुन्या कोहळी लोकांनी बांधलेला. त्याच्या पाळीवरून शेताकडे उतरणारी पांदण आहे. त्या वर्षी पाळीवर नुकतीच गिट्टी टाकली होती, रोलर फिरायचा होता. मी सायंकाळी गाडीत दोन पोती आणि फवारणीचा पंप घेऊन उतरत होतो. टू-व्हीलमध्ये, तिसऱ्या गिअरमध्ये, जसं रोज उतरतो तसं. वळणावर कापणीवरून परतणाऱ्या बाया, सात-आठ जणी, डोक्यावर गाठोडी. मी ब्रेक मारला. पेडल थरथरायला लागलं, खालून घर्र घर्र आवाज, आणि गाडी थांबेना. वेग कमी होत होता, पण थांबत नव्हती. मी आणखी जोरात दाबला, ती आणखी थरथरली. शेवटी थांबली तेव्हा सर्वात मागच्या बाईच्या आणि बंपरच्या मधात एक हात जागा होती. ती बाई माझ्या आईच्या वयाची. काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मिस्तरीकडे गेलो. त्याने ब्रेक पाहिले, सगळं चांगलं. म्हणाला, "गाडीले काही झालं नाही जी, एबीएस आपलं काम करते. तुमाले रेती-गिट्टीतच फिरा लागते त काढून टाकू." एक फ्यूज ओढला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, सोबत ब्रेकचा लाल दिवाही. तो म्हणाला लाल लागतोच, लक्ष देऊ नका.

मी घरी येऊन खात्री करून पाहिली. पांदणीवर मोकळ्या मुरमाचा सपाट पट्टा आहे. ताशी चाळीसला आणून ब्रेक मारायचा, पावलं मोजायची. फ्यूज असताना आणि नसताना, तीन-तीन वेळा. फ्यूज नसताना गाडी चार पावलं आधी थांबत होती. मुरमावर चार लांब काळे चर पडलेले, प्रत्येकाच्या टोकाला मुरमाचा ढीग. अगदी आज्याच्या खासरासारखा. मी खूश झालो. दिवे रात्री डोळ्यांवर येतात म्हणून दोन्हींवर काळी टेप लावली, वायर बांधायची असते ना, तीच.

इथे थोडं थांबून मातीबद्दल सांगतो, कारण या पानावर कृषी सहायकही आहेत आणि ते विचारतीलच. मुरमावर जमलं म्हणजे सगळीकडे जमतं असं नाही. आपल्या भागात बरडी आणि खरडीवर, रेतीवर, कोरड्या मुरमावर लॉक झालेलं चाक खरंच थांबवतं, कारण वरचा थर सुटा असतो आणि जमवायला काहीतरी मिळतं. पण कन्हार ओली असली की गोष्ट उलटी होते. चिकणमाती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत गोळा होतो, आणि लॉक झालेलं चाक ढीग जमवत नाही, नुसतं साबणावर फिरल्यासारखं जातं. मोरंड तिच्या जवळपासचीच. सिहारमध्ये वर दोन बोटं गाळ आणि खाली घट्ट थर असला तर तेच. अशा ठिकाणी फिरतं चाक निदान स्टिअरिंगला ऐकतं. चिखलणी करताना आपण ट्रॅक्टरचा डावा किंवा उजवा एकच ब्रेक दाबून वळतो तेव्हा हे पाहिलेलं असतं: लॉक झालेलं चाक चिखलात खुंट्यासारखं रुतलं तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो, आणि घसरलं तर धुऱ्यावर जातो. पण ट्रॅक्टरचं ज्ञान गाडीत बसल्यावर आपण का विसरतो कोण जाणे. सडकेवर येताना दोन्ही पेडल खिट्टीने जोडायची असतात हेही अर्धे लोक विसरतात, तो विषय पुन्हा कधी.

आता तो फरक. ऑडीच्या बटणाने एबीएस बंद केलं तर ते कंपनीने विचार करून बंद केलेलं असतं, आणि परत चालू करायला एक बोट पुरतं. आपण फ्यूज ओढतो तेव्हा एबीएस एकटं जात नाही. जुन्या, बिनाएबीएसच्या अनेक गाड्यांत मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असायचा, गाडी रिकामी असली की मागच्या ब्रेकचा दाब कमी करायचा. ब्रेक मारताना वजन पुढे जातं, मागचा भाग हलका होतो. तिथे तेवढाच दाब दिला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. एबीएस आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी तो व्हॉल्व्ह काढला आणि मागचा दाब सांभाळायचं काम त्याच कॉम्प्युटरला दिलं. त्याला ईबीडी म्हणतात. फ्यूज काढला की तेही गेलं. तो लाल दिवा त्याचाच होता.

म्हणजे फ्यूज काढलेली एबीएसची गाडी ही जुन्या जीपसारखी होत नाही. ती जुन्या जीपपेक्षा वाईट होते. हे मला मिस्तरीने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये माझा पुतण्या गाडी घेऊन साकोलीला गेला. खताची चौकशी करायची होती. गाडी मागे पूर्ण रिकामी. मी घरी नव्हतो, किल्ली खुंटीला होती, त्याने घेतली, तो नेहमीच घ्यायचा. येताना हायवेवर, म्हणजे आपला जुना सहा नंबर, आता त्रेपन्न, पाऊस धो-धो. समोर ट्रकने ब्रेक मारला, याने मारला. पोरगा नव्या गाड्यांवर शिकलेला, त्याला शिकवलेलं होतं की एबीएसच्या गाडीत जोरात दाबायचा आणि दाबून ठेवायचा. बरोबरच शिकवलेलं. त्याने तेच केलं. मागची चाकं लॉक झाली, गाडी आडवी झाली, अर्धा गिरका घेऊन सडकेखाली कोणाच्या तरी बांधीत, नुकत्या रोवलेल्या धानात जाऊन पडली. मागून काही येत नव्हतं हे नशीब.

कॉलरबोन मोडली, कपाळाला सात टाके. दवाखान्यात मी गेलो तर म्हणतो, "काका, ब्रेक लागला, पण गाडी फिरली काहून?" मी लगेच काही बोलू शकलो नाही. रात्री सांगितलं. फ्यूज, दिवे, टेप, सगळं. तो ऐकत राहिला. मग एवढंच म्हणाला, "टेप नसती लावली त मी दिवा पाहून हळू आणली असती."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

ज्याची बांधी होती त्या माणसाचं चार ओळी धान गेलं. त्याने पैसे घेतले नाहीत, मी बळजबरीने पऱ्हे नेऊन दिले. विम्याचा दावा मी केला नाही, कोणत्या तोंडाने करणार. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की कायद्यातही हे बसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की कंपनीने बनवलेल्या रचनेपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि त्याच वर्षी सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात मालकाने परवानगीशिवाय केलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण खरं सांगू का, दंडाच्या भीतीने मी हे लिहीत नाही.

गाडी दुरुस्त करून आणली तेव्हा फ्यूज परत बसवला. आता प्रश्न राहतो गिट्टीचा आणि रेतीचा, म्हणजे पवनीच्या मित्राचा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर मला नागझिऱ्याकडे जिप्सी चालवणाऱ्या एका जुन्या ड्रायव्हरने दिलं. माझी सगळी कथा ऐकून तो म्हणाला, "तिसऱ्या गिअरात उतरत होता तुमी? मंग ब्रेकचा कायले दोष देता?" त्याचं म्हणणं, उताराचा ब्रेक पायात नाही, गिअरबॉक्सात आहे. डोक्यावर थांबा, फोर-व्हील लो लावा, पहिला किंवा दुसरा टाका, क्लचवरून पाय काढा आणि ब्रेकला शक्यतो हातच लावू नका, म्हणजे पायच. इंजिन गाडीला धरून ठेवतं, चारही चाकं सारखी फिरतात, कोणतंच लॉक होत नाही. माणसाच्या चालीने गाडी उतरते. त्या वेगाला जुन्या एबीएसचं फारसं काही चालतच नाही. पाच-सात किलोमीटरच्या खाली ते गप्प बसतं.

मी तो उतार तसा उतरून पाहिला. तीच पाळ, तीच गिट्टी. फ्यूज जागेवर. पेडलला पाय न लावता खाली आलो. आज्यानेही उताराच्या डोक्यावर थांबूनच दांडा घातला असता, उतरता उतरता नाही.

गंमत अशी की इंजिनिअर लोकही शेवटी तिकडेच गेले. १९९७ ला लँड रोव्हरने फ्रीलँडर गाडीत उतार उतरवणारी यंत्रणा आणली, ती एबीएसचेच व्हॉल्व्ह वापरून एकेक चाकाला ब्रेक लावते. पुढे २००४-०५ पासून रेती, चिखल, गिट्टी असं निवडायचं चाक डॅशबोर्डवर आलं, आणि रेतीच्या सेटिंगला एबीएस मुद्दाम चाकाला जास्त लॉक होऊ देतं, ढीग जमावा म्हणून. म्हणजे आज्याचा दांडा शेवटी कॉम्प्युटरमध्ये गेला. नव्या थारसारख्या गाडीत एखादं चाक हवेत फिरू लागलं की त्याला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाला देतात, तेही याच सेन्सरांच्या भरवशावर. अशा गाडीचा एबीएसचा फ्यूज काढला तर चिखलात अडकल्यावर ती मदतही जाते. आणि युरोपात आता ताशी साठच्या वर पळणाऱ्या ट्रॅक्टरलाही एबीएस लागतं. फर्ग्युसन असता तर त्याला बरं वाटलं असतं.

पवनीच्या भावा, तर तुझ्यासाठी: फ्यूज काढू नको. आधी हे बघ की तुझ्या गाडीचा लो रेंज खरंच लागतो का. सेकंड हँड गाड्यांत वर्षानुवर्षं कोणी लावलेला नसतो, लिव्हर जाम असतो. मग प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर आणि दातेरी रिंग धुऊन काढ. चिखल वाळून बसला आणि त्यात तणस गुंडाळलं गेलं की वायर तुटते किंवा सेन्सर उगाच खोटं सांगतो, आणि मग एबीएस नको तेव्हा थरथरतं. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात मूठभर तणस निघालं होतं. टायर बघ, गिट्टीवर गुळगुळीत टायरला कोणताच ब्रेक वाचवत नाही. आणि एवढं करूनही कोणी आधीच्या मालकाने फ्यूज काढला आहे का ते तपास: चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर समज की बल्ब काढला आहे किंवा माझ्यासारखा कोणीतरी टेप लावून गेला आहे.

पुतण्याचा खांदा आता ठीक आहे, या वर्षी रोवणीला चिखलणी त्यानेच केली. गाडीत बसला की चावी अर्धी फिरवून थांबतो, दिवे विझेपर्यंत पाहतो, मग सुरू करतो. मी बाजूला बसलेलो असलो तरी.

उद्या पहाटे युरियाची पहिली मात्रा द्यायची आहे, पाऊस उघडा राहिला तर. लाखनी, साकोलीकडे कोणाकडे चालू स्थितीतली जोंगा असेल तर जरूर कळवा, तिचा उतार उतरण्याचा अनुभव ऐकायचा आहे.